उंब्रजला किती वाजता पोचशील?

पुण्याहून गुहागरला जायचं ठरलं आणि घरातले सगळे एका रात्रीत रस्तेतज्ज्ञ झाले. नवऱ्याचं मत ताम्हिणी घाट. जाऊबाई म्हणाल्या, "वरंध्यातून जा, जवळ पडतं." घरच्या ग्रुपवर कुणीतरी एक्सप्रेस वे सुचवला, पनवेलवरून खाली उतरा म्हणे. नाताळच्या सुट्टीत खंडाळ्याच्या घाटात एकदा तरी अडकलेल्या माणसानं असा सल्ला देऊ नये. लेकीनं फोनवरचा नकाशा माझ्या नाकापुढे धरला आणि "हा बघ, निळा रस्ता" म्हणून विषय संपवला.

गाडी मी चालवणार होते. म्हणून शेवटी मामांना फोन केला. मामांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी तरी कोकणात उतरणाऱ्या गाड्यांवर. मी ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली अशी यादी वाचायला लागले, तर मधेच तोडून म्हणाले, "ते राहू दे. निघणार किती वाजता?"

"पहाटे चारला. रस्ता मोकळा मिळतो ना."

"मग उंब्रजला किती वाजता पोचशील?"

"साडेसहा-पावणेसात."

"आणि तिथं दिसणार काय तुला?"

मला प्रश्नच कळला नव्हता. कोथरूडहून गुहागरला जायचे दोन सरळ रस्ते आहेत. एक सातारा रोडनं उंब्रज, तिथून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. दुसरा मुळशी, ताम्हिणी, माणगाव आणि मग मुंबई–गोवा महामार्गानं महाड, खेड, चिपळूण. दोन्ही साधारण पावणेतीनशे किलोमीटर. कुठून जायचं, म्हणजे कुठला रस्ता चांगला, एवढाच विचार मी करत होते. मामांच्या डोक्यात रस्ता नव्हता, घड्याळ होतं. थंडीत एकच रस्ता सकाळी सातला वेगळा असतो आणि अकराला वेगळा.

उंब्रजचं गणित असं. कराडात कृष्णा-कोयनेचा संगम, त्याच्या थोडं वर उंब्रजला तारळी येऊन कृष्णेला मिळते. सगळीकडे नदी, कॅनॉल आणि पाणी पाजलेला ऊस. आकाश निरभ्र, वारा पडलेला, की रात्री जमीन गार पडते, गार हवा खोऱ्यात साचते आणि पहाटे तिचं धुकं होतं. वर डोंगरावर लख्ख चांदणं असतं आणि खाली बॉनेट दिसत नाही. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, पण हे धुकं हलायला नऊ वाजतात. त्यात गाळप हंगाम. नोव्हेंबर ते मार्च या पट्ट्यात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यावर मावेल त्याच्या दीडपट ऊस, मागे लाइट असला तर असला. पहाटे चारला निघणारा हुशार माणूस बरोबर या दोन्हींच्या तोंडी जातो.

ताम्हिणीतून पहाटे गेलं तर? मुळशी धरणाच्या कडेनं अंधार आणि धुकं, आणि पुढे घाट. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू पश्चिमेला, तिथं ऊन उशिरा पोचतं. साडेनऊपर्यंत वळणं सावलीत आणि दवानं ओली असतात. फोनला रेंज नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या सहा तरुणांची गाडी ताम्हिणीत दरीत गेली आणि ती सापडायला दोनेक दिवस गेले, तेही ड्रोन उडवल्यावर. ती बातमी आल्यापासून नवराही "रात्रीच निघू" म्हणायचा बंद झाला होता. बरं, ताम्हिणीतून दुपारी उतरावं, तर डिसेंबरातलं तिरपं ऊन प्रत्येक वळणावर थेट डोळ्यांत.

वरंधा मामांनी एका वाक्यात निकालात काढला. "तिथं कधी काम चालू असतं, कधी रस्ता बंद असतो, आणि दोन्ही तुला भोरच्या पुढे गेल्यावर कळतं."

तर ठरलं ते असं : जाताना कुंभार्ली, पण सातच्या आत घर सोडायचं नाही. उंब्रज दहाला, घाट बाराच्या सुमाराला, म्हणजे ऊन डोक्यावर. येताना ताम्हिणी. तेव्हा घाट चढायचा असतो आणि चढताना गाडी हातात राहते. दुपारी सूर्य पाठीशी. शिवाय साताऱ्याकडून पुण्याला येताना खंबाटकीच्या बोगद्यानंतरचं ते एस वळण लागतं आणि शेवटी कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकून येणारा एखादा कंटेनर आपल्या मागे आहे की नाही, हे आरशात बघून कळत नाही. दमून परत येताना ती दोन्ही ठिकाणं टळली तर बरंच, असा माझा हिशोब. मामा म्हणाले, "आता कशी ड्रायव्हरसारखी बोललीस!" बत्तीस वर्षांत त्यांनी इतकी स्तुती कुणाची केली असेल असं वाटत नाही.

शुक्रवारी, २६ डिसेंबरला, मी पाचलाच जागी झाले. सामान भरून झालं, डबे झाले, लेक चक्क आंघोळ करून तयार. साडेसहा वाजता घरात बसून काय करायचं? निघालो. आणि सातारा रोडला नेमकी त्या दिवशी कुठं म्हणजे कुठं गर्दी लागली नाही. खंबाटकी वर चढलो तेव्हा ऊन पडलेलं, साताऱ्याला अजिंक्यतारा स्वच्छ. नवरा म्हणाला, "कुठाय तुझ्या मामांचं धुकं?"

ते उंब्रजच्या अलीकडे उभं होतं. खरंच उभं होतं, भिंतीसारखं. नऊ वाजायला थोडे कमी होते. हायवेवर तरी पुढच्याचे दिवे दिसत होते, पण मल्हारपेठच्या रस्त्याला वळलो आणि ते साधे दुपदरी डांबर, दोन्ही बाजूंना ऊस, आणि मधे पांढरं काहीतरी. मी हायबीम मारून बघितला. भिंत आणखी पांढरी झाली. लोबीमवर आले. चार माणसांच्या श्वासानं आतून काच धूसर, म्हणून थंडीतही एसी लावून हवा काचेवर सोडली. लेक मागून कुरकुरली, तिला शाल दिली. नवऱ्याचा हात चारही इंडिकेटर लावायच्या बटणाकडे गेला, तो मी बाजूला केला. चालत्या गाडीला ते लावले की आपण थांबलोय, चालतोय की वळतोय, हे मागच्याला काहीच कळत नाही. वेग वीसवर. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर. आणि काच खाली.

काच खाली केली ते मामांनी सांगितलं होतं म्हणून. त्याचा उपयोग पाच मिनिटांत कळला. ट्रॅक्टर मला दिसला नाही, ऐकू आला. कुठूनतरी ढोलकी आणि बाईचा खणखणीत आवाज, लग्नाच्या मांडवात लावतात त्या आवाजात लावणी. मी ब्रेक लावला. लावणी आहे तिथंच. आणखी पुढे गेले, तर माझ्या बॉनेटच्या अडीच-तीन हातांवर उसाची टोकं, वाढ्यांसकट बाहेर आलेली. ट्रॉलीला लाल दिवा नव्हता. मधोमध सुतळीनं एक जुनी सीडी बांधली होती आणि माझ्या लाइटमध्ये ती इंद्रधनुष्यासारखी चमकत, गरगर फिरत होती. ट्रॉली चालत नव्हती. रस्त्यात उभी होती.

गाडीत कुणीच काही बोललं नाही. लावणीचं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. मी हॉर्न दिला. काही नाही. मग डिपर दिला, दोनदा, तीनदा. पुढून एक पोरगा मफलर सोडवत चालत आला. वीस-बावीसचा असेल.

"ताई, हॉर्नचा काय उपयोग नाय. मला ऐकू येत नाय वो." टेपकडे हात दाखवला. "लाइटच मारा. मागच्या ट्रॉलीची पिन निसटली, ती घालतोय."

"अरे, मग मागे काहीतरी लाव की! झाडाचा डहाळा तरी!"

"सीडी हाय की."

मग मात्र त्यानं खरंच चार ऊस उपसून रस्त्यावर पंधरा-वीस पावलं मागे आडवे टाकले, त्यावर स्वतःचं लाल मफलर पसरलं, आणि आमच्यापुढे चालत जाऊन समोरून कुणी येत नाही ना ते बघून हातानं बोलावलं. त्याला ओलांडताना मी आत बघितलं. ट्रॅक्टरच्या केबिनला नव्या कोऱ्या एलईडीची माळ होती, निळी आणि जांभळी. सगळे दिवे पुढच्या अंगाला.

मल्हारपेठेत चहाच्या टपरीवर आम्ही बसून राहिलो. दहाला धुकं असं उचललं की जणू कुणी चादर ओढून घेतली, आणि समोरचा डोंगर होता तिथं दिसला. म्हणजे ठरलेल्या वेळेला निघाले असते, तर यातलं काहीच झालं नसतं. अर्ध्या तासाची घाई होती फक्त. हे मी मामांना अजून सांगितलेलं नाही.

पुढचं कोयनेचं खोरं फार सुंदर आहे; वर्णन करत नाही, कारण मी रस्त्याकडे बघत होते. कुंभार्ली बाराला उतरायला घेतला. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुना नियम. दुसऱ्यावर टाकली आणि ब्रेकला शक्यतो पाय लावला नाही. इंजिनच गाडी धरून ठेवतं. पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापतात, आणि तापले की लागायचे तेव्हा लागत नाहीत. एका आंधळ्या वळणावर पुण्याचीच एक गाडी भर रस्त्यात उभी करून मंडळी माकडांना वेफर्स खायला घालत होती. नंतर पोफळीच्या आसपास तीच गाडी झाडाखाली थांबलेली दिसली. चारही दारं उघडी, पुढच्या चाकांतून करपल्याचा वास. त्यांनी विचारलं, "काका, इथं मेकॅनिक मिळेल का?" नवरा म्हणाला, "अर्धा तास नुसतं थांबा. पाणी ओतू नका." हे ज्ञान त्याला एक दिवसाआधी मीच दिलं होतं.

गुहागर जसं असतं तसंच आहे. समुद्र, व्याडेश्वर, उकडीचे मोदक, दोन वेळा मासे. घरमालक मात्र रोज सकाळी कलमांखाली उभे राहून वर बघायचे. मोहोर आलाय, त्यात धुकं पडलं की मोहोर गेला म्हणाले. आमचं धुकं एका सकाळचं होतं, त्यांचं वर्षाचं.

रविवारची गर्दी टाळून सोमवारी सकाळी आठला निघालो. कशेडीचा घाट आता बोगद्यातून पार होतो, तो एवढ्या पटकन की लेकीला डोंगर आला कधी नि गेला कधी ते कळलं नाही. त्याची भरपाई माणगावनं केली. या महामार्गाचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं, माझी लेक त्यानंतर जन्मली, शाळेत गेली, आता दहावीच्या क्लासची फी भरतोय, आणि माणगावच्या बाजारातून गाड्या अजून एकेक करूनच पुढे सरकतात. सव्वा तास गेला. माझं लक्ष घड्याळावर. निजामपूरला फाटलो तेव्हा दोन वाजत आले होते. घाट लागायच्या आधी, रेंज होती तोवर, मामांना मेसेज टाकला : ताम्हिणी चढतोय, साडेचारपर्यंत पौड.

ऊन पाठीवर, रस्ता कोरडा, समोरून उतरणाऱ्यांचे डोळे बारीक झालेले. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते हे त्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे मीच थांबत गेले. मुळशीच्या पाण्याकाठी कणसं खाल्ली. पौड चार पस्तीस. पिरंगुट पाच.

भूगाव सव्वापाचला आणि सहालाही. समोर चांदणी चौकापर्यंत लाल दिव्यांची माळ, सगळे दिवे मागच्या अंगाला, एकूण एक चालू. अंधारून यायला लागलं. मामांचा फोन आला.

"उजेडात पोचलात ना?"

"घाट उजेडात उतरलो... म्हणजे चढलो. आता भूगावात आहोत."

"कधीपासून?"

"पाऊण तास झाला."

"मग गाडी लावा तिथंच कडेला," मामा म्हणाले, "आणि चालत या. मामीनं पिठलं टाकलंय."