खार भित्री आहे का?

माझं काम सांगितलं की लोक हसतात. मी खोटी जगं तयार करते. प्रत्येक जगात पाच-सहा वाक्यं आणि शेवटी एक प्रश्न. उत्तर फक्त त्या वाक्यांतून निघायला हवं, बाहेरचं ज्ञान वापरायचं नाही. भाषा मॉडेलला, म्हणजे मजकूर वाचून उत्तर देणाऱ्या संगणक प्रणालीला, साध्या वाक्यांत दिलेले नियम पाळून तर्क करता येतो का, हे त्यावरून तपासतात. हा प्रकार गाजला तो 2020 मध्ये, क्लार्क, टॅफर्ड आणि रिचर्डसन या संशोधकांच्या इंग्रजी प्रश्नसंचामुळे. तर्काच्या तीन पायऱ्यांपर्यंतच्या प्रश्नांवर शिकवलेलं मॉडेल पाच पायऱ्यांचे प्रश्नही बरेचसे सोडवत होतं. आम्ही तेच मराठीत करतो.

वाक्यं प्रोग्राम जुळवतो, साचे मी लिहिते. इंग्रजीत साच्यात विशेषण टाकलं की झालं. मराठीत बोका भित्रा, खार भित्री, मांजर भित्रं आणि सामान्यरूप आलं की भित्र्या. चपळ आणि शांत मात्र कुणाहीपुढे जसेच्या तसे. ही लिंग-वचनाची सगळी जुळणी मी एकटीने बसवली आहे आणि अजूनपर्यंत तीत कुणाला चूक सापडलेली नाही. हे इथे सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

तर ते जग असं होतं:

खार शांत आहे. शांत प्राणी चपळ असतात. सगळे चपळ प्राणी भित्रे नसतात. प्राणी भित्रा नसेल तर तो माणसाळतो. प्रश्न: खार माणसाळते का?

आमचा तपासणी प्रोग्राम म्हणाला, खरं. शांत म्हणून चपळ, चपळ म्हणून भित्री नाही, भित्री नाही म्हणून माणसाळते. तीन पायऱ्या, सरळ. मॉडेल म्हणालं, सांगता येत नाही.

एकदा नव्हे, या साच्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. असली मॉडेलं तर्काऐवजी प्रश्नसंचातल्या आकड्यांचे योगायोग पाठ करतात, उदाहरणार्थ नियम जास्त असले की उत्तर ‘खरं’ असण्याची शक्यता वाढते, हे 2022 मध्ये एका शोधनिबंधात दाखवून झालं होतं. मला वाटलं, आपल्यालाही तसाच मासा गळाला लागला. ‘सगळे’ दिसलं की मॉडेल हात वर करतं, नकार त्याला पेलत नाही, अशी टिपण लिहून दुपारी पाठवूनही दिली.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. त्या निवृत्त मराठी शिक्षिका, आमचे काही प्रश्न हाताने सोडवून देतात. त्यांचं उत्तर प्रोग्रामशी जुळलं नाही की आमच्या तक्त्यात ते आपोआप ‘मानवी चूक’ या रकान्यात जातं. हा रकाना ज्याने ठेवला त्याला मी पहिल्या दिवसापासून विरोध करायला हवा होता. केला नाही, कारण तोवर बाईंची चूक मीही कधी उघडून पाहिली नव्हती.

“माझ्या नावावर एवढ्या चुका कशा?” त्यांनी विचारलं. मी समजुतीच्या सुरात खारीच्या तीन पायऱ्या सांगू लागले. त्यांनी मध्येच थांबवलं.

“सगळी मुलं आली नाहीत, असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं, तर वर्ग रिकामा होता का गं?”

मी वाक्य मोठ्याने वाचलं. सगळे चपळ प्राणी भित्रे नसतात. म्हणजे काही असतात, काही नसतात. खारीचं काय, ते सांगता येत नाही. मॉडेल बरोबर होतं, बाई बरोबर होत्या. वाक्य एकही नाही या अर्थाने ओढूनताणून वाचता येतं, पण तसं वाचणारी त्या दिवशी मी एकटीच होते, कारण नियम मला आधीच माहीत होता.

लागलं ते पुढे. मूळ साचा होता ‘चपळ प्राणी भित्रे नसतात’. तो स्वच्छ होता. नियमाला अपवाद नाही हे ठसावं म्हणून ‘सगळे’ मीच घातलं होतं. शंका राहू नये म्हणून घातलेल्या शब्दानेच अर्थ फिरवला.

मग इतके महिने हे दिसलं कसं नाही? जुन्या संचात उत्तरं दोनच होती, खरं किंवा खोटं. तिथे जे सिद्ध होत नाही ते खोटं धरायचं, असा करार असतो. प्रोलॉगसारख्या प्रोग्रामिंगच्या भाषा असंच चालतात. त्या करारात माझ्या वाचनाने खार भित्री नाही. बाईंच्या वाचनाने ती भित्री असल्याचं सिद्ध होत नाही, म्हणून पुन्हा भित्री नाहीच. दोन्ही वाटांनी खार माणसाळते. चुकीचं वाक्य आणि बरोबर उत्तर गुण्यागोविंदाने नांदत होते. ‘सांगता येत नाही’ हे तिसरं उत्तर आम्ही त्या आठवड्यातच आणलं होतं.

टिपण मागे घेतली. ती दुपारी तातडीने वाचली गेली होती, दुरुस्ती मात्र कुणी उघडली की नाही कोण जाणे. बैठकीत साचा बदलायचं ठरलं, ‘एकही चपळ प्राणी भित्रा नसतो’. इतिवृत्तात नोंद झाली: ‘हा बदल सगळ्यांना मान्य नाही.’ चौघांपैकी एकाचाच विरोध होता.

जुनी वाक्यं टाकून द्यावीत असं सांगण्यात आलंय. मी ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आहेत. माणसं बोलतात ती हीच वाक्यं, ती गाळून उरलेल्या मराठीत मॉडेलला पैकीच्या पैकी गुण मिळाले तर मी कशाची परीक्षा घेतली? त्या फाइलमध्ये उत्तराचा रकाना अजून रिकामा आहे. बाई म्हणतात, ‘सांगता येत नाही’ असं सरसकट भर. मी त्यांना विचारलं, वाक्यात ‘भित्रे’वर जोर दिला तर? त्यांनी दोनदा वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, उद्या फोन करते.