नव्वद रुपयांचा वाढदिवस

मंगळवार, रात्रीचे अकरा वाजून गेलेत

आज मी खोटं बोलले. मोठं काही नाही, कुणाचं काही गेलं नाही, उलट मलाच एक मेणबत्ती फुकट मिळाली. पण संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

ऑफिसातून येताना (मीटिंगबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवलंय, तर नाहीच) स्टॉपवर उतरले आणि घराकडं वळायच्या ऐवजी बेकरीत शिरले. रोजचीच बेकरी. लादी पाव, जिरा बटर, माईचे टोस्ट, कधीतरी रविवारी पॅटिस. पण गेले तीन महिने काचेमागं वरच्या फळीवर डच ट्रफल दिसायला लागलंय आणि मी रोज पाव घेताना त्याच्याकडं बघते आणि पाव घेऊन घरी येते. काळाभोर चौकोन, वर चॉकलेटचा असा गुळगुळीत थर की छताची ट्यूबलाइट त्यात अख्खी दिसते. आज म्हणलं बास. आज खायचं आणि इथंच बसून खायचं, कारण घरी नेलं की त्याचे तुकडे होणार, शुगरवाल्यांना चव म्हणून एक चमचा, मग अजून एक चमचा, आणि खोका पुसायला मी. श्रावण कधी लागतोय तेही सकाळी कालनिर्णयात बघून ठेवलं होतं, कारण मला अंड्याचंच हवं होतं. म्हणजे बघा, हे काही अचानक सुचलेलं नव्हतं.

"एक डच ट्रफल."
"एगलेस का अंड्याचं?"
"अंड्याचं."
"पार्सल ना?"
"नाही, इथंच."

तो थांबलाच. चार वर्षं पाव घेतेय त्याच्याकडून, 'इथंच' हा शब्द पहिल्यांदा आला माझ्या तोंडून. माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "काय ताई, वाढदिवस वाटतं आज?"

आणि मी म्हणाले, हो.

माझा वाढदिवस जानेवारीत असतो. आत्ता जुलै चालूय, बाहेर धो धो पाऊस.

मग त्यानं ड्रॉवरमधून कुणाच्या तरी केकवरची अर्धी जळलेली पिळाची मेणबत्ती शोधून काढली, ट्रफलमध्ये खोचली, काडी ओढली. खारी पिशवीत भरणारा पोरगा हॅपी बड्डे ओरडला. आणि पावाच्या रांगेत कोण असावं तर सी विंगमधल्या काकू. "अगं, बोलली नाहीस!" म्हणून त्यांनी माझा ओला हात हातात घेतला. मी फुंकर मारली. अजून काय करणार?

चव सांगायची तर वरचा थर टाळूला चिकटून बसला, हलेचना. खरं चॉकलेट असं करत नाही, त्यातलं कोको बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं म्हणजे तोंडात ठेवलं की गेलंच, हे तेलातलं कंपाउंड असणार. (पाकिटाच्या मागचं वाचायची खोड लागलीये, इलाज नाही.) आतला केक मात्र मऊ, पाकात नीट भिजलेला, आणि कडेला मेणाचा एक थेंब सांडलेला तो मी नखानं काढला. सगळं मिळून सात घास. तीन महिने बघत होते ती गोष्ट सात घासांत, उभ्याउभ्या, हसऱ्या तोंडानं संपवली, कारण वाढदिवस असलेल्या बाईला तोंड पाडून खाता येत नाही.

पण हो का म्हणाले?

माझ्या शेजारी एक माणूस पॅटिस खात होता, सॉस संपला म्हणून परत मागून घेतला, त्याला कुणी विचारलं नाही की बाबा आज काय विशेष. मलाही बेकरीवाल्यानं काही वाईट अर्थानं विचारलं नव्हतं, कौतुकानंच विचारलं. नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणलं की पुढं 'मग?' येतं आणि त्या 'मग'चं उत्तर माझ्याकडं नव्हतं. नव्वद रुपये माझे, भूक माझी, तरी पावती फाडल्यासारखं कारण लागतंच. आणि जानेवारीत तर... जाऊ दे.

आप्पा शनिवारी पीएमटीच्या बसनं पुण्याच्या कॅम्पात जायचे, कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं आणायला. ती बेकरी 1955ची, दुपारी बंद, उघडायच्या आधीच बाहेर रांग, त्यात हे छत्री घेऊन उभे. खोका टेबलावर ठेवला की माई विचारायची, आज काय? आप्पा म्हणायचे, सहज. एवढंच. मला बेकरीत हा शब्द आठवलाच नाही, आत्ता लिहिताना आठवला.

तसा खोटा वाढदिवस आमच्या घरात नवीन नाही म्हणा. आप्पांचा 1 जून, धाकट्या काकांचाही 1 जूनच, दोघांत तीन वर्षांचं अंतर. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहून टाकलेला, जून म्हणजे वय भरतं आणि मास्तरांचंही काम होतं. खरी तारीख आजीलाही सांगता यायची नाही, "पाऊस होता" एवढंच म्हणायची. मग आप्पा आयुष्यभर त्याच तारखेला श्रीखंड खात राहिले, पेन्शनही तिच्यावरच धरली. माझं तर नुसतं ट्रफल.

घरी आले तर काकूंचा फोन येऊन गेलेला. माई दारातच उभी. मला वाटलं आता उलटतपासणी. तर म्हणे, "मी सांगितलं त्यांना, आमच्याकडं तिथीनं करतात." पौषातली तिथी आषाढात कशी येईल माई? काकूंना कळल्याशिवाय राहिलंय का!

"कळू दे," म्हणाली. मग ताट वाढताना, माझ्याकडं न बघता, "कसं होतं गं?"

टाळूला चिकटतं, म्हणलं.

"मला नाही आणलंस ते?"

तुझी शुगर, म्हणलं. त्यावर काहीच बोलली नाही, आमटी वाढली, भाताचं झाकण लावलं, आणि मग म्हणाली, श्रावण लागायला अजून नऊ दिवस आहेत.

म्हणजे कालनिर्णय तिनंही बघितलंय.