पालथा हात, उताणा हात: कागदी सांगाड्याची तिसरी नोंद

मागील दोन नोंदींत खांद्याचे पाते, गळ्याजवळचे आडवे हाड आणि दंडाचे हाड कसे घडवले ते सविस्तर लिहिले होते. मानवी शरीरातील 206 हाडांपैकी उजव्या हाताची, खांद्यापासून बोटांपर्यंतची, 32 हाडे पूर्ण आकारात कागदाच्या लगद्यातून करायची आणि त्यांचे सांधे खरोखर हलते ठेवायचे, असा हा उद्योग आहे. या महिन्यात काम कोपराच्या खाली उतरले आणि तेथेच अडकले.

कोपर ते मनगट या भागात दोन हाडे असतात. करंगळीच्या बाजूची ती अल्ना आणि अंगठ्याच्या बाजूची ती रेडियस. माझ्या हाताच्या मापाने अल्ना 26 सेंटीमीटर आणि रेडियस 24 सेंटीमीटर धरली. खरी लांब हाडे मध्यभागी पोकळ नळीसारखी असतात, म्हणून वर्तमानपत्राची घट्ट सुरळी आत ठेवून तिच्यावर लगद्याचे थर चढवले. त्यामुळे वजन कमी राहते आणि वाळताना भेगाही कमी पडतात. नमुना म्हणून भाचीकडची, तिच्या वैद्यकीय अभ्यासाच्या काळातील प्लास्टिकची प्रतिकृती समोर होती. तिच्यात ही दोन हाडे तारेने एकमेकांना समांतर जखडलेली आहेत. ती पाहून मीही दोन्ही हाडे सरळ केली, घासली, रंगवली आणि बसवली. तळहात उताणा असेपर्यंत सारे सुरेख दिसत होते. हात पालथा करू लागलो, तेव्हा रेडियस अर्ध्या वाटेत अल्नावर आदळून थांबली.

हात पालथा करताना अल्ना जवळजवळ जागीच राहते आणि रेडियस तिच्यावरून आडवी जाते. वरच्या टोकाला रेडियस जागच्या जागी गिरकी घेते, खालच्या टोकाला मात्र ती तळहातासकट अल्नाभोवती अर्धे वर्तुळ फिरते. दोन सरळ काठ्या अशा एकमेकींवर चढवल्या की त्या मध्येच भिडणार, हे आधीच सुचायला हवे होते. खऱ्या रेडियसला बाहेरच्या बाजूस बाक असतो आणि त्या बाकामुळेच तिला अल्नावरून जायला जागा मिळते. हे हाड मोडल्यावर बाक न राखता जुळले, तर हात पूर्ण फिरत नाही, याचा अर्थ मला या फसलेल्या काठीने समजावला. दुसऱ्या रेडियसला मध्याजवळ सुमारे दीड सेंटीमीटर बाक दिला आणि हात अखेर पालथा झाला.

या दोन हाडांची जाडी उलटसुलट आहे, हेही घडवताना नीट लक्षात आले. कोपराशी अल्ना भक्कम असते. तिची खोबण दंडाच्या हाडाला पान्यासारखी पकडते आणि तिचे मागचे टोक, म्हणजे टेबलावर आपण टेकवतो ते कोपर, हात सरळ झाल्यावर दंडाच्या हाडातील खळग्यात जाऊन थांबते. रेडियसचे वरचे टोक मात्र रुपयाच्या नाण्यासारखे छोटे आणि गोल असते. मनगटाशी नेमके उलटे होते, कारण तेथे रेडियस रुंद होते आणि मनगटाचा भार मुख्यतः तीच घेते. तळहात टेकून पडल्यावर मनगटाजवळ बहुधा रेडियस मोडते, ती यामुळेच. मग मनगटाशी घेतलेला भार कोपराशी असलेल्या जाड हाडाकडे जातो कसा? दोन्ही हाडांच्या मध्ये एक चिवट पडदा ताणलेला असतो आणि त्याचे मुख्य धागे रेडियसकडून अल्नाकडे तिरपे खाली उतरतात. माझ्या नमुन्यात मांजरपाटाची तिरकस कापलेली पट्टी चिकटवली आहे. सरळ कापलेली पट्टी लावून पाहिली होती, पण मनगटावर दाब देताच हाडे एकमेकांवरून सरकत होती.

रेडियसच्या नाण्यासारख्या टोकाभोवती अस्थिबंधाचे कडे असते. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी अल्नाला दोन ठिकाणी खिळली. ती पहिल्यांदा सैल बसली होती आणि हात ओढताच टोक कड्यातून निसटले. साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला एका हाताला धरून हिसका दिला, तर त्याच्या कोपरात हेच घडू शकते. तेव्हापासून नातवाला उचलताना मी दोन्ही काखांत हात घालतो.

सर्वांत जास्त वेळ मात्र बेडकुळीच्या दोरीने खाल्ला, आणि तो सार्थकी लागला. बेडकुळीच्या स्नायूचा खालचा कंडरा रेडियसच्या आतल्या बाजूच्या एका उंचवट्याला जोडलेला असतो. मी तेथे नायलॉनची दोरी बांधून ती खांद्यापर्यंत नेली. हात पालथा केला की तो उंचवटा मागे वळतो आणि दोरी भोवऱ्याला गुंडाळावी तशी हाडाभोवती जाते. आता दोरी ओढली, की ती उलगडत हात उताणा करते आणि कोपरही वाकवते. ताटातला घास उचलून तोंडाशी नेताना हात नेमका असाच फिरतो. कागदी हाताने ही हालचाल पहिल्यांदा केली, तेव्हा पत्नीने स्वयंपाकघरातून येऊन तीन वेळा ओढून पाहिली. उजव्या हाताने स्क्रू आवळताना सैल करण्यापेक्षा अधिक जोर का लावता येतो, याचेही उत्तर या दोरीत आहे, आणि तो जोर कोपर काटकोनात ठेवल्यावर उत्तम मिळतो.

पुढचे काम मनगटाच्या आठ छोट्या हाडांचे आहे. त्यांपैकी वाटाण्याएवढे एक हाड सहज झाले, पण अंगठ्याच्या मुळाशी असलेले, खोगिरासारख्या दोन्ही दिशांनी वळलेल्या पृष्ठभागाचे हाड दोनदा फसले आहे. पावसाळी हवेत लगदा आठवडाभर ओलाच राहतो आणि वाळताना खोगिराच्या कडा आत ओढल्या जातात. तिसऱ्या खेपेस लगद्यात बारीक लाकडी भुसा अधिक घालून ते हाड थोडे मोठे केले आहे. ते सध्या पंख्याखाली ठेवले आहे.