लेबलवरचं युनिट आणि मोरीतलं काम

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा आहे. पाटीवर ‘एन्झाइम’, म्हणजे सजीवांकडचं रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन, वाचून माणसं विचारतात, तुम्ही एन्झाइम बनवता? नाही बनवत. बुरशी नाहीतर जिवाणू टाक्यांत वाढवून त्यांच्याकडून एन्झाइम काढून घेणारे मोठे कारखाने आहेत, त्यांचा माल पिंपांतून आमच्याकडे येतो. लेबलवर जेवढं लिहिलंय तेवढं काम त्या मालाने गिऱ्हाइकाच्या जागेवर करावं, एवढंच आम्ही बघतो. या ‘एवढंच’वर गेली दहा-बारा वर्षं दोन घरं चालली आहेत.

मी गोवा विद्यापीठाची बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी. भागीदार माझे भावोजी, झुआरीनगरच्या खत कारखान्यात अमोनिया प्लांटवर होते. एन्झाइमशी त्यांचा संबंध शून्य, पण उत्प्रेरकाचा, म्हणजे स्वतः न संपता क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचा, स्वभाव त्यांच्याइतका ओळखणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि एन्झाइम हाही उत्प्रेरकच. अमोनियासाठी उत्प्रेरक म्हणून लोखंड लागतं. नुसतं लोखंड उष्णतेत राहिलं की त्याचे कण एकमेकांना चिकटत जातात आणि कामाचा पृष्ठभाग घटतो. म्हणून कण वेगळे ठेवायला त्यात थोडं अ‍ॅल्युमिना, आणि नायट्रोजनचा रेणू फुटायला सोपं जावं म्हणून थोडं पोटॅशियम. जर्मनीत ओप्पाऊला 1913 साली अमोनियाचा कारखाना सुरू झाला, त्याआधी मिटाश नावाच्या केमिस्टने बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत हजारो मिश्रणं तपासून हे जमवलं होतं. वायूत गंधक राहिलं की मात्र सगळं मुसळ केरात. भावोजींची सवय तिथली: काम मंदावलं की ‘अजून किती घालू’ असं न विचारता ‘याला विष कोण घालतंय’ हे आधी शोधायचं. आमच्या धंद्याचं निम्मं भांडवल म्हणजे ही सवय, उरलेलं बँकेचं.

पहिला माल हॉटेलांच्या ग्रीस ट्रॅपसाठी, म्हणजे मोरीतली चरबी अडवणाऱ्या टाकीसाठी, काढला. चरबीसाठी लायपेज, मासे-मटणाच्या प्रथिनांसाठी प्रोटिएज, भाताच्या पिठूळ गाळासाठी अ‍ॅमायलेज. प्रयोगशाळेत छान चालला. किनाऱ्याकडच्या एका हॉटेलात दिला आणि आठवड्याभरात किचनच्या माणसाचा फोन, ‘मॅडम, तुमचें वखद कांयच काम करिना.’

आम्ही दोघं रात्री तिथे जाऊन उभे राहिलो. शेवटची भांडी धुऊन झाल्यावर एका पोऱ्याने बादलीभर ब्लीचिंग मोरीत ओतलं. त्याच्यावर अर्ध्या तासाने आमची पावडर. भावोजी नुसते माझ्याकडे बघून हसले.

ब्लीच एन्झाइमचं काय करतं, हे आता चांगलं माहीत आहे. साबणाच्या पावडरीत वापरतात त्या सबटिलिसिन प्रोटिएजमध्ये प्रथिनाच्या साखळीत 222 क्रमांकावर मिथिओनीन हे अमिनो आम्ल आहे, अगदी कामाच्या जागेला लागून. त्याला ऑक्सिजन चिकटला की एन्झाइम बसलंच. 1985 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथे दुसरी अमिनो आम्लं घालून बघितली. अ‍ॅलानीन किंवा सेरीन घातलं तर पेरॉक्साइडपुढे (तेही एक ब्लीच) एन्झाइम टिकतं, पण त्याचा मूळचा वेग कमी होतो. आमच्या धंद्यात हे पावलोपावली दिसतं: टिकाऊपणा वाढवायला जावं तर वेग घटतो. फ्रान्सिस अर्नोल्ड यांनी याच सबटिलिसिनमध्ये पुन्हा पुन्हा बदल करून, दर वेळी सरस निघालेलं पुढे नेत, 60 टक्के डायमिथिल फॉर्मामाइड या द्रावकात त्याचा वेग 256 पट केला. तो निबंध 1993चा, आणि या पद्धतीसाठी त्यांना 2018 सालचं नोबेल मिळालं. तसं काही करायला आमच्याकडे ना माणसं, ना यंत्रं. हॉटेलच्या ब्लीचपुढे तर सुधारलेल्या एन्झाइमचाही फारसा पाड लागत नाही. त्यामुळे आम्ही स्वस्तातला उपाय केला: ब्लीचिंग दुपारी, एन्झाइम रात्री, मधे भरपूर पाणी. किचनमध्ये कोकणीत, हिंदीत आणि नेपाळीत तक्ता लावला.

चरबीचं प्रकरण याहून चिवट निघालं. लायपेज काम करतं ते तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागावर. बऱ्याच लायपेजांना एक झाकण असतं, तेलाच्या पृष्ठभागाला टेकलं की ते उघडतं आणि आतली कामाची जागा मोकळी होते. गोव्याच्या किचनात खोबरेल आणि डुकराची चरबी. खोबरेल साधारण 24 अंशाखाली गोठतं, एसी किचनच्या नळीत तर त्याचा दगड होतो. दगडावर पृष्ठभाग तो किती मिळणार! मग सौम्य साबण घालून चरबी बारीक थेंबांत फोडायची. पण साबण जास्त झाला की तो स्वतःच थेंबाभोवती जागा अडवतो, आणि लायपेज बाहेर.

हे प्रमाण बसवताना जो खेळ चालायचा तो अजून चालतो, कारण प्रत्येक हॉटेलची चरबी निराळी. चंबूत तेलाचं दुधाळ इमल्शन, त्यात चिमूटभर पावडर, वर फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणाऱ्या रंगाचे, थेंब, आणि ब्युरेटमधून (थेंब मोजून सोडणाऱ्या नळीतून) कॉस्टिक सोडा. गुलाबी रंग येतो. लायपेज तेलातून आम्ल सोडत जातं, गुलाबी फिकट होऊन जातो. परत थेंब, परत गुलाबी. मिनिटाला जेवढे मायक्रोमोल आम्ल सुटलं तेवढी युनिटं. आमची मुलगी, जिने सायन्सच्या नावाने नाक मुरडलं, तीही हे बघायला थांबते.

अ‍ॅमायलेजचं दुखणं कॅल्शियम. हे एन्झाइम आपला आकार कॅल्शियमच्या आधाराने धरून ठेवतं, आणि हॉटेलं नेमकं सॉफ्टनरचं, म्हणजे कॅल्शियम काढून टाकलेलं, पाणी वापरतात. भांडी धुण्याच्या पावडरीतली रसायनं उरलंसुरलं कॅल्शियमही उचलतात. आम्ही मिश्रणात थोडा कॅल्शियमचा क्षार घालायला लागलो, पैशात म्हणाल तर किरकोळ. भावोजी म्हणाले, आमच्या लोखंडातल्या पोटॅशियमचा हा भाऊ. मी म्हटलं, अ‍ॅल्युमिनाचा म्हणा, आकार तोच सांभाळतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

परचेस मॅनेजरांशी बोलणं हा वेगळा विषय. त्यांना किलोमागे युनिटं हवी असतात. एका पुरवठादाराने आम्हाला दुप्पट युनिटांचा माल दाखवला होता, भावही बरा. कागद नीट वाचला तर मोजणी 50 अंशाला केलेली. मोरीत 50 अंश कुठून येणार? तीस अंशाला आम्ही मोजलं तेव्हा तो आमच्या नेहमीच्या मालापेक्षा कमी भरला. तेव्हापासून आमच्या लेबलवर युनिटाशेजारी तापमान आणि पीएच (आम्लतेचं माप) छापतो. त्यामुळे आकडा लहान दिसतो आणि काही ऑर्डरी जातात, जाऊ देत.

मार्च ते मे काजूचा हंगाम. सत्तरीतल्या एका बागायतदाराला बोंडांचा रस बाटलीत भरायचा होता, फेणीसाठी नव्हे, प्यायला. रस गढूळ ठेवणारं पेक्टिन तोडून तो नितळ करायला पेक्टिनेज हे एन्झाइम लागतं. बोंडात टॅनिन असतं, त्यानेच घसा धरतो, आणि टॅनिन कुठल्याही प्रथिनाला मिठी मारून खाली बसवतं, एन्झाइम प्रथिनच. अमोनियातलं गंधक इथे या रूपात भेटलं. आधी शिजवलेल्या साबुदाण्याच्या पेजेने टॅनिन खाली बसवायचं, मग पेक्टिनेज, असा क्रम लावल्यावर थोड्या मात्रेत भागलं.

तेच पेक्टिनेज पुन्हा पुन्हा वापरता यावं म्हणून मण्यांवर बसवून बघितलं. सुंगटांच्या (कोळंबीच्या) सालांतून निघणारं कायटोसान सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात विरघळवून कॉस्टिकमध्ये थेंब थेंब सोडलं की साबुदाण्यासारखे मणी होतात, ग्लुटराल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनाने एन्झाइम त्यावर पक्कं बसतं. पण पेक्टिनचा रेणू एवढा मोठा की मण्याच्या आत शिरतच नाही, आतलं एन्झाइम फुकट. मणी लहान केले तर ते भरलेली नळी (कॉलम) तुंबते. तो नाद सोडला. लायपेज मात्र त्याच मण्यांवर सुखाने बसलं, आणि खोबरेलाच्या आम्लांपासून क्रीमसाठी एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारा पदार्थ) बनवणाऱ्या दोन छोट्या उत्पादकांना आता आम्ही ते देतो. एस्टर होताना सुटणारं पाणी काढत राहावं लागतं, नाहीतर लायपेज उलटं फिरून एस्टर तोडायला लागतं, आणि अगदी कोरडं केलं तर हालतच नाही. हा मधला ओलावा कसा धरायचा, हे दोघांकडे जाऊन त्यांच्या कामगारांना दाखवावं लागलं. त्यांच्या तिसऱ्या शेजाऱ्याचीही मण्यांची मागणी आली आहे. पावसाळ्यापूर्वी सुंगटांची सालं सुकवून ठेवायची म्हणून भावोजी आज सकाळपासून बेतूलच्या जेटीवर गेले आहेत.