श्रीनगर विमानतळ ते गुलमर्ग: पन्नास किलोमीटर आणि त्यातले शेवटचे तेरा

जानेवारीत काश्मीरला जाऊन आल्यापासून सोसायटीतल्या निदान चार जणींनी मला विचारलंय की विमानतळावरून गुलमर्गला पोचायला किती वेळ लागतो गं. मॅपवर बघितलं तर दीड-दोन तास दाखवतो, अंतर पन्नासेक किलोमीटर, म्हणजे डोंबिवलीहून चर्चगेटला जाऊन येण्यापेक्षा कमीच. आम्हाला साडेसहा तास लागले. आणि त्यात कोणाची फार चूक होती असंही नाही, थोडी आमचीच होती.

तर झालं असं की मुलगा गुलमर्गला स्कीइंगचा कोर्स करायला गेला होता, आणि शेवटच्या आठवड्यात आपणही जाऊन चार दिवस राहू, त्याला घसरताना (म्हणजे मुद्दाम घसरताना) बघू, असं आमचं ठरलं. त्याने फोनवर एकच गोष्ट तीनदा सांगितली होती, "आई, टॅक्सी गुलमर्गपर्यंत बुक करू नका, टंगमर्गपर्यंत करा आणि हॉटेलवाल्याला तिथे गाडी पाठवायला सांगा." (टंगमर्ग म्हणजे गुलमर्गच्या खालचं, शेवटचा चढ सुरू होण्याआधीचं गाव.) नवऱ्याने अर्थातच गुलमर्गपर्यंतची टॅक्सी बुक केली, कारण म्हणे मध्ये गाडी बदलायची कटकट कशाला.

पहिला घोळ विमानातून उतरल्या उतरल्याच. माझं सिमकार्ड प्रीपेड, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिकडे चालतच नाही, फक्त पोस्टपेड चालतं. हे मला माहीत होतं, नवऱ्याचं पोस्टपेड आहे म्हणून मी निर्धास्त होते. पण दिल्लीला विमान बदलताना त्याने दोन तास क्रिकेट बघत फोनची बॅटरी संपवलेली, पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत ठेवता येत नाही म्हणून घरीच ठेवलेली (हातातल्या पिशवीत चालते, हे त्याला आता कळलंय). विमानतळाचं वायफाय घ्यावं तर त्याला ओटीपी लागतो, ओटीपी येणार मोबाइलवर, मोबाइलला नेटवर्क नाही. शेवटी पट्ट्यावरून बॅगा येईपर्यंत एका खांबाशी चार्जर लावून दोघं उभे. ड्रायव्हर बाहेर नावाचा कागद घेऊन पाऊण तास थांबलेला, पण बिचारा चिडला नाही. तुमची अशी ओळखीची गाडी नसेल तर आत टॅक्सीचं काउंटर आहे, तिथे ठरलेल्या दराची पावती मिळते, ते बरं पडतं. आणि विमानतळावर फोटो काढू नका, लष्कराचं आहे, जवान लगेच येऊन सांगतात.

एक गंमत म्हणजे हे विमानतळच साधारण आपल्या कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर आहे, सोळाशे मीटरच्या आसपास. टंगमर्ग साधारण 2150 मीटर आणि गुलमर्ग 2650. म्हणजे एकूण हजारेक मीटर चढायचं, त्यातला अर्धा चढ शेवटच्या 13 किलोमीटरमध्ये. हे गणित मी आधी केलं असतं तर मुलाचं ऐकलं असतं.

पहिला टप्पा मात्र फारच सुंदर. बडगामवरून मागाम, मग कुंझर, रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना चिनार नाही हां, ते सगळे आपल्याला चिनार वाटतात पण ही सरळसोट उंच झाडं सफेद्याची म्हणजे पॉप्लरची, आणि मागे सफरचंदाच्या बागा, पानं एकही नाही, नुसत्या काळ्या फांद्या आणि त्यावर बर्फाची रेघ. आम्ही गेलो तेव्हा चिल्लई कलां चालू होता, म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे थंडीचे चाळीस दिवस, त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. आपल्याकडे नक्षत्रांवर पाऊस मोजतात तशी तिकडे थंडी मोजतात. मागामला ड्रायव्हरने गाडी थांबवून नून चाय पाजला, गुलाबी, खारट, सोबत तंदुरातली रोटी. नवऱ्याने एक घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवला, मला आवडला, पण चहा म्हणून नाही, सूप समजून प्यायला की आवडतो. ड्रायव्हरच्या फेरनच्या (तिकडचा लांब, ढगळ अंगरखा) आत कांगडी होती, निखाऱ्यांची टोपली, ती पोटाशी धरून तो चहा पीत होता आणि मी तीन स्वेटर घालून कुडकुडत होते.

इथपर्यंत दोन तास पण झाले नव्हते. नवरा म्हणाला, "बघ, उगाच घाबरवत होता तुझा मुलगा." (काही बिनसलं किंवा बिनसणार असलं की तो माझा मुलगा.)

टंगमर्गला पोलिसांनी गाडी थांबवली. रात्री ताजा बर्फ पडला होता, त्यामुळे वर फक्त फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या. आमची साधी सेडान. ड्रायव्हर अगदी शांतपणे म्हणाला, मॅडमजी, इथून पुढे युनियनची (म्हणजे तिथल्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची) गाडी. मी नवऱ्याकडे बघितलं, तो समोरच्या डोंगराकडे बघत होता. तर ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कोरड्या दिवसांत सगळ्या गाड्या वर जातात, पण बर्फ पडला की टंगमर्ग हे जंक्शनच समजा, तिथे गाडी बदलायचीच. आधी ठरवलं असेल तर हॉटेलची गाडी येऊन उभी असते. नसेल तर तिथे भाव करत बसा, आणि समोरच्याला माहीत असतं की तुमच्याकडे दुसरा काही पर्याय नाही, त्यामुळे तुमचा भाव करण्याचा पुण्या-मुंबईतला सगळा अनुभव शून्य. वर त्या दिवशी गाड्या कमी आणि माणसं जास्त, म्हणून दीड तास नुसते थांबलो.

टंगमर्गला दुसरा उद्योग म्हणजे गमबूट आणि कोट भाड्याने घेणं. गाडी थांबली रे थांबली की दुकानवाले येतात. कोटाची गरज नाही जर तुम्ही चांगलं जाकीट आणलं असेल, पण गमबूट घ्याच, आपले स्पोर्ट शूज पंधरा मिनिटांत भिजतात आणि एकदा मोजे ओले झाले की दिवस संपला. एक म्हातारे चाचा होते, त्यांनी आमचे पाय बघून न मोजता माप काढलं. मी विचारलं आम्ही चार दिवस वर राहणार, अनामत किती, तर म्हणाले येताना देऊन जा. नाव नाही, नंबर नाही, काही नाही. टंगमर्ग म्हणजे काय हेही त्यांनीच सांगितलं, टंग म्हणजे नाशपती आणि मर्ग म्हणजे कुरण.

मग ते शेवटचे तेरा किलोमीटर. जुनी सुमो, आम्ही दोघं आणि एक गुजराती कुटुंब पाच जणांचं, बॅगा टपावर. दोन वळणं चढल्यावर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि सरळ बर्फावर आडवा पडून चाकांना साखळ्या बांधायला लागला, उघड्या हातांनी. मी विचारलं खालीच का नाही लावल्या, तर म्हणाला डांबरावर साखळी तुटते आणि टायरही जातो, बर्फ सुरू झाल्यावरच लावायची. साखळी लावली की गाडी रणगाड्यासारखी खडखड आवाज करत चालते आणि वेग दहा-पंधराच्या वर जात नाही. आंबेनळी घाट मी पावसात, धुक्यात, सगळा केलाय, पण तिथे निदान चाक जमिनीला धरून असतं. इथे एका वळणावर गाडीचं मागचं अंग हळूच दरीकडे सरकलं आणि परत आलं, एवढंसंच, फूटभर असेल, गुजराती काकूंचा जय श्रीकृष्ण आणि माझा गणपती एकदमच निघाला. ड्रायव्हर काहीच बोलला नाही, त्याने ब्रेकला पायसुद्धा लावला नाही. नंतर कळलं की ब्रेक लावायचाच नसतो, चाक अडकलं की गाडी घसरगुंडी होते, म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच सगळा खेळ.

खरा धोका ताज्या बर्फाचा नाहीच म्हणे. दिवसा ऊन पडलं की वरचा थर वितळतो आणि सूर्य गेला की त्याची काच होते, देवदारांच्या सावलीत तर दिवसभर काचच असते. म्हणून अंधार पडायच्या आत वर पोचायचं, आणि जानेवारीत तिकडे सहाच्या आतच सूर्य मावळतो. त्यामुळे दुपारी तीन-चारला उतरणारं विमान घेणार असाल तर पहिली रात्र श्रीनगरला काढा, सकाळी आरामात निघा. आणि गंडोलाचं (गुलमर्गच्या रोपवेचं) तिकीट पहिल्या दिवसाचं काढून ठेवू नका हो, ऑनलाइनच मिळतं आणि लवकर संपतं म्हणून लोक घाईने काढतात, आणि मग टंगमर्गला उभं राहून घड्याळ बघतात. आमच्याबरोबरच्या कुटुंबाचं तसंच झालं, पाचही तिकिटं गेली.

वर पोचलो तेव्हा निळसर संधिप्रकाश होता. गाडी स्टँडपर्यंतच जाते, पुढे हॉटेलपर्यंत चालत, आणि तिथे स्लेजवाले घेरतात, बॅगा ओढून नेतो म्हणतात. एरवी मी नको म्हटलं असतं, पण गुडघाभर बर्फात चाकांची बॅग म्हणजे नांगर, म्हणून बॅगा स्लेजवर टाकल्या. मुलगा समोरून आला, चेहरा उन्हाने काळा ठिक्कर, ओठ फुटलेले, पहिलं वाक्य, "बाबा, टंगमर्गला किती थांबलात?" नवरा म्हणाला, "रस्ता फार छान आहे रे." खोलीत बुखारी पेटवलेली होती, त्या पत्र्याच्या शेगडीपुढे मी तासभर हललेच नाही.

परतीचं थोडक्यात सांगते. यावेळी हॉटेलच्या गाडीने खाली आणि टंगमर्गहून टॅक्सी. विमानाच्या आदल्या रात्री श्रीनगरला राहिलो, कारण बर्फाने वरचा रस्ता बंद झाला तर विमान थांबत नाही. विमानतळाच्या बऱ्याच आधी एका गेटवर गाडीतून उतरायचं, सगळं सामान मशीनमधून काढायचं, परत गाडीत भरायचं, मग आत पुन्हा तपासणी, तेव्हा तीन तास तरी हातात ठेवा.

आणि हो, गमबूट. टंगमर्गला चाचांचं दुकान बंद होतं, जुम्मा होता, नमाजला गेले होते. नवरा म्हणाला थांबू या. शेजारच्या पोराने बूट हातात घेतले, आतला तळवा दाबून बघितला आणि म्हणाला, "ओले आहेत, मोजे बदला आधी, मग गाडीत बसा."