अकाउंट्सच्या नोकरीचा रेझ्युमे: 'जीएसटी येतं' एवढ्यावर भागत नाही

अकाउंट्स असिस्टंटच्या एका जागेसाठी आलेले पन्नास रेझ्युमे शेजारी शेजारी ठेवले, तर नावं सोडून फारसा फरक दिसत नाही. बी.कॉम., टॅली, जीएसटी, टीडीएस, एमएस ऑफिस, एमएस-सीआयटी, टायपिंग 30 किंवा 40, छंद वाचन आणि क्रिकेट, तळाशी 'वरील सर्व माहिती सत्य आहे' आणि सही. वाचणाऱ्याला यातून एकच गोष्ट कळते: उमेदवार कॉमर्सचा आहे. ती त्याला आधीच माहीत असते.

वाचणारा कोण, हे आधी बघू. भोसरी किंवा सातपूरच्या छोट्या कारखान्यात रेझ्युमे मालक स्वतः बघतो, बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर, मोबाइलच्या पडद्यावर. सीए ऑफिसात सीनियर बघतो, कामाच्या मध्येच. मोठ्या कंपनीत एचआरवाली व्यक्ती नोकरी डॉट कॉमवर शब्द टाकून शोधते आणि वर अनुभव, शहर, पगार, नोटीस पिरियड असे फिल्टर लावते. तिघांनाही तीनच प्रश्न असतात: कोणतं काम केलंय, किती केलंय आणि कुठपर्यंत एकट्याने केलंय. यांची उत्तरं न देणारी ओळ रेझ्युमेत फक्त जागा अडवते.

रेझ्युमे इंग्रजीतच जाणार आहे. इथे ओळींचा मजकूर मराठीत देतो.

'जीएसटीचं काम पाहिलं' ही ओळ घ्या. 'पाहिलं' म्हणजे काय? बिलं फाइलला लावली, की रिटर्न भरलं? त्याऐवजी असं लिहा (जीएसटीआर-1 म्हणजे विक्रीचं रिटर्न, 3बी म्हणजे कर भरण्याचं एकत्रित रिटर्न, 2बी म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणारं खरेदीचं विवरण): '14 क्लायंटची जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी तयार केली; दर महिन्याला खरेदी रजिस्टर 2बीशी एक्सेलमध्ये जुळवलं; न जुळलेल्या बिलांची यादी करून पुरवठादारांकडे पाठपुरावा केला; अंतिम फाइलिंग सीनियरने तपासून केलं.' शेवटचा तुकडा बऱ्याच जणांना कमीपणाचा वाटतो म्हणून गाळला जातो. माझ्या मते सगळ्यात जास्त विश्वास त्याच तुकड्याने बसतो, कारण दोन वर्षांच्या अनुभवावर कोणी एकट्याने फाइलिंग करत नाही, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

याच्या उलटा प्रकार म्हणजे 'बॅलन्स शीट फायनलायझेशन', वर्षअखेरचा ताळेबंद पक्का करणं. हा शब्द इतका सर्रास वापरला जातो की सीनियर तो वाचूनच प्रश्न काढून ठेवतो: घसारा कोणत्या दराने धरला, तरतुदी कोणत्या केल्या, संशयित येणी (ग्राहकांकडची, बुडण्याची शंका असलेली रक्कम) कशी दाखवली? तुम्ही ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकींचा ताळा) जुळवून दिला असेल आणि पुढच्या नोंदी सीनियरने केल्या असतील, तर 'ट्रायल बॅलन्सपर्यंत' असंच लिहा.

आकडे कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. कामातूनच निघतात. रोज साधारण किती व्हाउचर, किती बँक खात्यांचं रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं), किती कामगारांचा पगार, किती पार्टींची येणी. पगारपत्रकाचं काम केलं असेल तर पीएफ, ईएसआयसी आणि व्यवसाय कर यांपैकी कोणतं चलन तुम्ही स्वतः काढत होता ते सांगा. आकडा अंदाजाने धरायला हरकत नाही, पण तो कसा आला हे तोंडी सांगता आलं पाहिजे. एक पथ्य मात्र पाळा: सीए ऑफिसात असाल तर क्लायंटची नावं लिहू नका. 'तीन बिल्डर, दोन औषध दुकानं, एक ट्रान्सपोर्टर' एवढं पुरतं. आधीच्या ऑफिसची गुपितं जो रेझ्युमेवर मांडतो तो आपलीही मांडेल, असा विचार समोरचा करणारच.

रेझ्युमेवर लिहिलेला प्रत्येक शब्द मुलाखतीचा अभ्यासक्रम होतो. ई-वे बिल (मालवाहतुकीची ऑनलाइन पावती) लिहिलं तर ते मालाच्या किती किमतीवर लागतं ही मर्यादा विचारतील: साधारण 50 हजार, पण महाराष्ट्राच्या हद्दीतल्या मालवाहतुकीला 1 लाख. ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) लिहिलं तर ते किती उलाढालीवर सक्तीचं होतं, म्हणजे 5 कोटींचा, प्रश्न येईल. तारखा तर हमखास (पुढच्या महिन्याच्या): टीडीएसचा भरणा 7, जीएसटीआर-1 ची 11, 2बी तयार होते 14 ला, पीएफ आणि ईएसआयसी 15, 3बी 20. तिमाही रिटर्नवाल्या छोट्या करदात्यांना 3बीसाठी महाराष्ट्रात 22. यातलं जे झोपेतून उठवलं तरी सांगता येत नाही, ते कागदावर ठेवू नका.

एक्सेलचंही तसंच. 'एमएस ऑफिस' ही ओळ आता कुणी वाचत नाही. 'व्हीलुकअप आणि पिव्होट वापरून 60 दिवसांवरच्या येण्यांचा रिपोर्ट' ही ओळ वाचली जाते.

फ्रेशरची अडचण वेगळी असते, तिथे लिहायला कामच नसतं. पण टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं. त्यात महिन्यातल्या मोजक्याच तारखा टाकता येतात, तरी सरावाला ते पुरेसं आहे. एक काल्पनिक कंपनी उघडा, खरेदी-विक्रीच्या शंभरेक नोंदी करा, त्यात पाच क्रेडिट नोट आणि दोन परतावे घाला, आणि जीएसटीचा रिपोर्ट स्वतः हिशेब करून ताडून बघा. मग रेझ्युमेवर 'सराव प्रकल्प' या शीर्षकाखाली तेवढंच प्रामाणिकपणे लिहा. मामाच्या हार्डवेअर दुकानाचं टॅली सांभाळलं असेल तर तेही काम आहे. पगार मिळाला नाही म्हणून ते गाळण्याचं कारण नाही.

सीए अर्धवट राहिलेल्यांनी जास्त काळजी घ्यावी. 'सीए पर्सुइंग' असं वर्षानुवर्षं लिहिलेलं असलं की शंका येते. 'सीए इंटर, पहिला ग्रुप उत्तीर्ण, आर्टिकलशिप पूर्ण' असं नेमकं लिहा. आर्टिकलशिपचा (सीएच्या हाताखालच्या सक्तीच्या उमेदवारीचा) कालावधीही खरा द्या. जुन्या योजनेत ती तीन वर्षांची होती, जुलै 2023 पासूनच्या नव्या योजनेत दोन, त्यामुळे दोन्ही आकडे ग्राह्य आहेत. पुढे परीक्षा देणार असाल तर रजेचा विषय लपवू नका. लपवलेली रजा ऐन ऑडिटच्या हंगामात उघडी पडते.

एमपीएससी किंवा बँकेच्या परीक्षांमध्ये दोन-तीन वर्षं गेलेले उमेदवार आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यापैकी बरेच जण ती वर्षं लपवायला आधीच्या नोकरीच्या तारखा ओढूनताणून लांबवतात. असं करू नका. पीएफ खातं असेल तर यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) सेवा-इतिहासात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते आणि पडताळणीत ती निघते. 'जून 2021 ते मे 2023: स्पर्धा परीक्षेची तयारी' ही एक ओळ बास. पूर्व परीक्षा उत्तीर्ण झाली असेल तर तेही जोडा. बाळंतपण किंवा घरातल्या आजारपणासाठी घेतलेली सुट्टीही अशीच, एका ओळीत, कारणमीमांसा न करता.

आता कागदाची मांडणी. पाच वर्षांच्या आतल्या अनुभवाला एक पान. अक्षर 10.5 किंवा 11, समास पाऊण इंच. वर नाव, मोबाइल, ईमेल, राहण्याचा भाग आणि शहर. वडिलांचं नाव, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, उंची हे सगळं लग्नाच्या बायोडेटातून इकडे घुसलंय, ते काढा. आधार आणि पॅन नंबर तर अजिबात नको. रेझ्युमे किती हातांतून फिरतो याचा पत्ता नसतो. 'आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा' या उद्दिष्टाच्या जागी दोन ओळींत सार द्या: शिक्षण, किती वर्षं, कोणत्या प्रकारच्या ऑफिसात, कोणतं सॉफ्टवेअर. त्याखाली अनुभव, अलीकडचा आधी. शिक्षण शेवटी, फ्रेशर असाल तर वर.

कॅनव्हावरचे दोन रकान्यांचे रंगीत नमुने दिसायला छान असतात, पण पोर्टलचं सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उपसताना डाव्या-उजव्या ओळी एकमेकींत मिसळू शकतं. 'टॅली: पाचपैकी चार तारे' याचा तर कोणालाच अर्थ लागत नाही. तपासायची सोपी युक्ती अशी: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळी सरळ क्रमाने आल्या तर ठीक. काहीच निवडलं जात नसेल तर तुमची फाइल म्हणजे नुसतं चित्र आहे, शोधात ती सापडणार नाही. सायबर कॅफेत प्रिंट काढून परत स्कॅन केलेल्या फाइलींचं हेच होतं. फाइलचं नाव 'रेझ्युमे फायनल न्यू 3' असं नको; तुमचं नाव आणि पद असू द्या.

कव्हर लेटरची वेगळी फाइल जोडायची गरज बहुतेक ठिकाणी नसते. मेलचा मजकूर हेच तुमचं पत्र. रिकामा मेल आणि नुसती जोडलेली फाइल हा मोठा दोष, आणि चाळीस कंपन्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये सगळ्यांना दिसतील असे टाकणं हा त्याहून मोठा. सव्वाशे-दीडशे शब्द खूप झाले. जाहिरातीतल्या दोन मागण्या निवडा आणि त्यांनाच उत्तर द्या. साधारण असं:

'विषय: अकाउंट्स असिस्टंट, 2 वर्षे अनुभव, पिंपरी, 15 दिवसांत रुजू

महोदय, आपल्या चाकण युनिटसाठीची अकाउंट्स असिस्टंटची जाहिरात पाहिली. जाहिरातीत 2बी जुळवणी आणि येणी वसुली ही दोन कामं प्रामुख्याने दिली आहेत. सध्याच्या ऑफिसात मी दरमहा सुमारे 300 खरेदी बिलं 2बीशी जुळवते आणि न जुळलेल्या बिलांसाठी पुरवठादारांशी स्वतः बोलते. येण्यांचा 30, 60 आणि 90 दिवसांचा रिपोर्ट दर सोमवारी देते. वसुलीचे फोन मात्र अजून केलेले नाहीत, ते शिकण्याची तयारी आहे. चाकणला रोज ये-जा करणं शक्य आहे. रेझ्युमे जोडला आहे.'

'अजून केलेले नाहीत' हे वाक्य खोडावंसं वाटेल, पण राहू द्या. ते खोडलं तर मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत तेच निघेल आणि तेव्हा तुमच्या हातात काही नसेल.

पगाराची अपेक्षा जाहिरातीत विचारली असेल तरच लिहा, आणि लिहिताना घोळ टाळा. छोट्या कंपन्या महिन्याच्या हातात येणाऱ्या रकमेत बोलतात, मोठ्या कंपन्या वार्षिक सीटीसीत (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चात), ज्यात मालकाचा पीएफ आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. आकड्यापुढे 'महिना, हातात' किंवा 'वार्षिक, सीटीसी' हे शब्द टाका.

व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितलं तर पीडीएफच पाठवा, कागदाचा फोटो नको. सोबत दोन ओळी: नाव, पद, अनुभव. उत्तर आलं नाही तर आठवड्याने त्याच मेलला जोडून एकदा आठवण करा. महिन्याच्या 18 ते 20 तारखेला आणि सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सीए ऑफिसला फोन लावू नका. त्या दिवसांत तिथे 3बी आणि टॅक्स ऑडिटची धावपळ असते आणि तुमचं नाव लिहून घ्यायलाही कुणी मोकळं नसतं.