माणगावात अडकलेलं पोर : ठाणे ते कुडाळ, अडीच वर्षांच्या मुलासोबत

मे महिन्यातल्या शनिवारी लहान मूल घेऊन गाडीने मुंबई-गोवा महामार्गावरून कोकणात निघणार असाल, तर इंदापूर-माणगाव पहाटे सहाच्या आत मागे टाका. जमणार नसेल तर रेल्वे बघा. (इंदापूर म्हणजे रायगडातलं, पुण्याकडचं नव्हे.) बाकीचं सवडीने वाचलंत तरी चालेल.

आमच्या चुलतदिरांनी फोनवर सांगितलं होतं, "वयनी, रस्तो झालो आता. सकाळी सहाक निघा, आठ तासांत घराक." दीर एकटे, रात्री, रिकाम्या रस्त्याने जातात, हे नंतर लक्षात आलं. दुसरी दिशाभूल रील्सनी केली. 'प्रवासासाठी दहा खेळणी' छाप याद्या बघून चेन-बटणांचं कापडी पुस्तक, चुंबकाची पाटी आणि सक्शनने काचेला चिकटणाऱ्या भिंगऱ्या अशी भरगच्च पिशवी केली होती. वडखळ यायच्या आत सगळी संपली. भिंगरी सीटखाली गेली ती अजून तिथेच आहे.

कार सीट, काचेचे पडदे, ओआरएस, हाताशी कपड्यांचे दोन-तीन जोड आणि उलटीच्या पिशव्या तुमच्याकडे आहेत असं धरून चालते. कार सीटवर घरात वाद होणारच. आमच्याकडे सासूबाई दर अर्ध्या तासाने "काढा गं त्याला, आवळतंय ते" म्हणत होत्या. त्यांना मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब सांगितलं : चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटमध्ये बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड. सुरक्षेपेक्षा हजाराच्या आकड्याने काम केलं.

आता माणगाव. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. आम्ही गेलो तेव्हाही इंदापूर आणि माणगावचे बायपास अपूर्णच होते. त्यामुळे रुंद रस्त्यावरून सुसाट आलेल्या गाड्या एकदम बाजारपेठेतल्या दोन लेनमध्ये घुसतात. ताम्हिणी उतरून येणारे पुणेकर इथेच येऊन मिळतात, श्रीवर्धन-दिवेआगरला वळणारेही इथेच वळतात. त्यात एसटी स्टँड. जेमतेम दहा किलोमीटरचा टप्पा, पण आम्ही त्यात सकाळच्या नाश्त्यापासून जेवणाच्या वेळेपर्यंत होतो. शेजारच्या लेनमधले काका उतरून पुढे चालत गेले, वडापाव घेऊन आले, आणि त्यांची गाडी होती तिथेच होती.

या टप्प्यात मला एक गोष्ट कळली, ती कुठल्याच यादीत नव्हती. धावत्या गाडीत या वयाच्या मुलाला फारसं काही लागत नाही. झाडं पळतात, ट्रक मागे पडतात, डोळा लागतो. मूल बिथरतं ते गाडी थांबली की. त्यामुळे तुमच्याकडची सगळी अस्त्रं थांबलेल्या गाडीसाठी राखून ठेवा. पनवेलच्या आतच पिशवी उघडू नका, आम्ही तिथेच उघडली होती.

मोबाइलचंही तेच. बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हणते, दोन ते पाच वयाला फार तर तासभर. तो तास माणगावात खर्च करा. घाटात मोबाइल दिलात तर उलटी ठरलेली, कारण डोळे एका जागी खिळलेले आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मात्र वळणं मोजत असते. थांबलेल्या गाडीत तो प्रश्नच नाही. व्हिडिओ घरूनच डाउनलोड करून ठेवा. सगळा माणगाव एकाच टॉवरवर लटकलेला असतो, तिथे गोल चक्र फिरत राहतं आणि पोर दुप्पट रडतं.

रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी मात्र सोन्याच्या भावाने घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पिवळट रंगाची. मी बोटभर तुकडे फाडून माझ्या हातावर ओळीने लावले. चिरंजीव एकेक सोलायचे आणि काचेवर लावायचे. मग काचेवरून सोलून आजीच्या गालावर. आजीच्या कपाळावर टिकलीच्या जागी एक पट्टी बसली तेव्हा तो इतका हसला की पुढच्या गाडीतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. पट्टीचा डाग राहत नाही आणि आवाजही होत नाही. दुसरा मान स्टीलच्या छोट्या डब्यातल्या कुरमुऱ्यांचा. डबा त्याच्या हातात द्यायचा नाही, एकेक कुरमुरा मोजून द्यायचा, आणि तोही गाडी उभी असतानाच. शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षं गाडीत आणूच नका. गाडीत घास अडकला तर मागे वळून पाठीत थाप मारायलाही जागा नसते. काचेवर टकटक करून द्रोणातली करवंदं विकणारे येतील. मोठ्यांनी जरूर खा. मुलाला दिलीत तर सीटचं कव्हर त्या रंगाचंच समजा.

गाडीतलं गाणं लावण्यापेक्षा घरचं रचा. आमचं फक्त पुढे दिसणाऱ्या गाड्यांचं होतं, 'लाल एसटी आली, टँकर गेला' अशा थाटाचं. तो चुकीची गाडी सांगायचा आणि मी चूक धरली की खूश व्हायचा. नवऱ्याला ते अजून पाठ आहे, बिचारा.

आता राग. माणगावच्या अलीकडे एका मोठ्या हॉटेलात दुधासाठी अर्धा थर्मास गरम पाणी मागितलं, तर बिलात 'हॉट वॉटर ४०'. लहान कप दूध ६०. मॅनेजरला विचारलं तर "मॅडम, सिस्टिममध्येच तसं आहे." पार्किंग मोठं आणि टॉयलेट स्वच्छ दिसलं की आपण मूल घेऊन आत वळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पोलादपूरच्या पुढे एका टपरीवर चहाच्या पातेल्याशेजारी दूध गरम करून मिळालं, दहा रुपयांत, वर "अजून कोमट करू का ताई?" तेव्हा मोठ्या हॉटेलात फक्त टॉयलेट वापरा. दूध-पाणी टपरीवर, किंवा घरून दोन थर्मास.

कशेडीचा बोगदा झाल्यामुळे जुन्या घाटाची वळणं वाचतात, उलटीचं मोठं ठिकाण गेलं. आत दिवे बघून मूल गप्प होतं, तेवढीच दोन किलोमीटर शांतता. संगमेश्वर ते हातखंबा डायव्हर्जनचे धक्के आहेत, तिथे काही खायला देऊ नका. खारेपाटण ओलांडून सिंधुदुर्गात शिरलात की रस्ता गुळगुळीत. तिथे तो झोपला आणि थेट कुडाळला उठला. मधले दिवस छान गेले, समुद्र होता, मासे होते.

परत येताना फोंडा घाट चढून निपाणी, कोल्हापूर, पुणे असे आलो. अंतर जास्त, कोल्हापूर ते सातारा सहापदरीकरणाची कामंही चालू, तरी गाडी हलत राहिली. घाटाच्या आधी तासभर पोट हलकं ठेवा. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना गाडी सगळ्यात जास्त लागते. उलटीचं औषध डॉक्टरांना विचारूनच, शेजारणीने सुचवलेलं नको. पुणेकरांनो, ताम्हिणीचा मोह नको. घाट सुंदर आहे, पण उतरता माणगावातच.

आणि रेल्वे. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. वेगळा बर्थ नको असेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. कोकणकन्या, मांडवी आणि तुतारी तिन्ही कुडाळला थांबतात. आम्ही पुढच्या मेमध्ये रेल्वेनेच जाणार. दिरांना सांगून ठेवलंय, स्टेशनवर गाडी घेऊन या, रस्तो झालो हा ना!